आठ टॅपेट, चार माणसं

सासरे गप्प होते, आणि तेच मला पटेना.

एरवी एखादा वॉशर हरवला तरी अप्पा तीन दिवस त्याचा माग काढतात. झाडून गोळा केलेला केर पुन्हा पसरून बघतात, शेजारच्या मांजरावरसुद्धा संशय घेतात. आणि इथे इंजिनातून काढलेला कॅमशाफ्ट माझ्या हातात होता, आठ महिन्यांपूर्वी नवाकोरा बसवलेला. त्याचे दोन उंचवटे वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे झिजून गेले होते. आणि अप्पा स्टुलावर बसून चष्मा पुसत होते. "असं कसं झालं?" एवढंसुद्धा त्यांच्या तोंडून निघेना.

"अप्पा, बघा ना."

"बघितला."

"अहो, हातात घेऊन बघा."

"इथून दिसतोय."

चष्मा हातात असताना त्यांना इथून काय दिसत होतं, ते त्यांनाच ठाऊक.

गाडी अप्पांची. दोन सीटांची, बुटकी, उघड्या टपाची, ब्रिटिश बनावटीची. माझ्या नवऱ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, आणि घरात मानही अजून त्याच क्रमाने. अप्पांनी चाळीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. तिथल्या यंत्रांनी त्यांना नेमके हात दिले आणि अर्धे कान काढून घेतले. मी लग्न होऊन आले तेव्हा मला पान्हा आणि पक्कड यांतला फरक कळत नव्हता. गाडीखाली दिवा धरायला म्हणून गेले ती तिथेच राहिले. दिवा धरता धरता मॅन्युअल वाचलं, मॅन्युअल वाचता वाचता अप्पांशी वाद घालायला लागले, आणि गेली पंधरा वर्षं आम्ही दोघं मिळून ती गाडी चालती ठेवतोय. म्हणजे ते सांगतात आणि मी खाली शिरते.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारा दांडा. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे आठ उंचवटे, आणि प्रत्येक उंचवट्यावर टेकलेला एकेक टॅपेट, पेनाच्या जाड टोपणासारखा दिसणारा पोलादी तुकडा. उंचवटा फिरून वर आला की टॅपेटला ढकलतो, टॅपेट पुढच्याला ढकलतो, आणि शेवटी व्हॉल्व उघडतो. उंचवटा झिजला की व्हॉल्व धड उघडत नाही. गाडी चढावर धापा टाकते, खोकते, बॉनेटखाली कुणी टकटक दार वाजवतंय असा आवाज येतो. मूळचा कॅम पन्नास वर्षांनी झिजला म्हणून आम्ही नवा बसवला, आठ नव्या टॅपेटसकट. हा नवा जेमतेम पाचशे किलोमीटर चालला, आणि टकटक पुन्हा सुरू.

आदल्या रविवारी जेवताना नवऱ्याने विषय काढला. अप्पा हात धुवायला गेले होते.

"जुना पन्नास वर्षं टिकला. अप्पांनी बसवलेला आठ महिने."

"एखादा पार्ट खराब निघतो."

"आधी बेसिनचा नळ उघडा राहिला. मग गॅस. आता हे. त्यांच्या हातून होत नाही आता. कुणीतरी बोलायला नको का?"

"बसवताना मीही होते."

"मग शोध. पार्ट खराब निघाला तर मी तोंड उघडणार नाही. अप्पांची चूक निघाली, तर गाडी डेंटिस्टला द्यायची आणि गॅरेजला कुलूप. परत चर्चा नाही."

आमच्या ओळखीचे एक डेंटिस्ट दोन वर्षांपासून त्या गाडीवर नजर ठेवून आहेत. येतात आणि पुढच्या जाळीकडे असे बघतात, की आता 'आ करा' म्हणतील.

मी भांडायच्या तयारीत होते. पण नवरा हळू आवाजात म्हणाला, "जॅक घसरला आणि आपण दोघं ऑफिसात असलो तर? मला रोज अकरा वाजता हेच दिसतं. दररोज." यावर भांडायला त्याने मला जागाच ठेवली नाही.

पण गॅरेज गेलं तर अप्पांचं काय राहील, तेही मी पाहिलं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आठवडाभर त्यांना तिकडे जायला बंदी होती. माणूस खुर्चीत बसून भिंतीवरचं घड्याळ बघत होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी घड्याळच खोललं. आता तर कायमचं बोलणं चाललं होतं.

तेव्हा शोध घेणं माझ्याकडे आलं, आणि ज्यांच्यासाठी घ्यायचा तेच स्टुलावर बसून चष्मा पुसत होते.

टॅपेट काढताना आम्ही ते अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवतो. कुठला टॅपेट कुठल्या उंचवट्यावर होता याची सरमिसळ झाली तर पुरावाच गेला. मी आठही जण पुसून उन्हात ठेवले आणि भिंगातून बघितले. टॅपेटचा तळ अगदी किंचित फुगीर असायला हवा. सहा ठीक होते. तिसरा आणि सहावा बशीसारखे खोल झाले होते, वर बारीक खड्डे पडलेले.

बसवताना या तळांना काळी, चिकट पेस्ट लावायची असते. ती राहिली असेल तर दोष घरचा. फळीवर पेस्टचा डबा सापडला. झाकण उघडलं तर जवळजवळ भरलेला! म्हणजे वापरलाच नव्हता?

"अप्पा, पेस्ट लावली होती ना?"

"लावली होती."

"आठही टॅपेटना?"

"तूच लावलीस. हा दुसरा डबा आहे, पहिला संपला. दोन दिवस तुझी नखं काळी होती. ऑफिसातल्या बाईने विचारलं नव्हतं का, केस रंगवलेस का म्हणून?"

विचारलं होतं. म्हणजे पेस्ट लागली होती, आणि न लागती तर दोषी मीच ठरले असते. पण मला टोचलं ते वेगळंच. गॅस बंद करायचा ज्यांच्या लक्षात राहत नाही, त्यांच्या माझी आठ महिन्यांपूर्वीची नखं लक्षात होती. मग या कॅमचं त्यांना काहीच कसं आठवत नव्हतं?

दुसऱ्या दिवशी टॅपेट रुमालात बांधून मी पार्टवाल्याकडे गेले. अरुंद दुकान, छतापर्यंत खोकी, आणि मधल्या फटीत तो. मला बघून त्याने काउंटरवरचे दोन्ही हात मागे घेतले.

"ताई, रुमालात काय? नुसत्या रुमालावरूनच मला कळतं तक्रार आहे."

मी रुमाल सोडला. त्याने एकेक टॅपेट उचलून उजेडात धरला.

"कच्चं पोलाद देता का हो हल्ली?" मी विचारलं.

"ताई! याच खोक्यातले दोन सेट आणखी विकले गेलेत. दोन्ही गाड्या रोज पळतायत."

"असं तुम्ही म्हणता."

"मी म्हणत नाही, कानस म्हणेल." त्याने खणातून कानस काढली आणि टॅपेटच्या अंगावर फिरवली. "कच्चा असता तर कानस चावली असती. ही घसरतेय बघा, काचेवरून घसरावी तशी."

"द्या इकडे."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे की. पण कानशीवर जरा जास्त आहे."

मी आठही टॅपेटवर स्वतः कानस ओढून बघितली. एकावरही ती धरेना. पार्ट चांगले होते. आयुष्यात पहिल्यांदाच चांगला पार्ट बघून मला वाईट वाटलं.

आता पार्टवाल्याला जोर आला. "पहिली वीस मिनिटं कुणी काढली?"

"अप्पांनी."

"तुमच्यासमोर?"

मी समोर नव्हते. त्या दिवशी मी ऑफिसात होते. अप्पांना संध्याकाळपर्यंत धीर धरवला नाही, यावरून मी दोन दिवस रुसलेही होते.

नव्या कॅमची पहिली वीस मिनिटं म्हणजे सगळं काही. कॅमला तेल पंपातून सरळ मिळत नाही. खालचा क्रँक, म्हणजे मुख्य दांडा, फिरताना जे शिंतोडे उडवतो तेवढंच. इंजिन जोरात असेल तरच ते वर पोचतात. म्हणून नवा कॅम बसवून गाडी पहिल्यांदा सुरू केली, की इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा लगेच दोन हजारांच्या वर न्यायचा आणि वीस मिनिटं खाली येऊ द्यायचा नाही. तेवढ्यात उंचवटा आणि टॅपेट एकमेकांना घासून नीट बसतात. मध्येच आवाज उतरवला तर कोरडे घासतात आणि एकमेकांना खायला लागतात.

"वीस मिनिटं निभावली की पुढची पन्नास वर्षं बघायला नको," पार्टवाला म्हणाला. "अप्पासाहेब काय, शिकवतील दुसऱ्यांना. त्यांच्याकडून व्हायचं नाही. घरात आणखी कोण होतं?"

विचारलं असं, जणू दागिन्यांची चोरी झाली होती. आणि मला घरी जाताना वाटेत आठवलं, की त्या दिवशी नवऱ्याला ताप होता आणि तो घरीच होता.

घरात शिरले तर तो पॅसेजमध्ये फोनवर. "हो डॉक्टर, रविवारी नक्की सांगतो." मला बघून फोन ठेवला. आता, फोन संपला म्हणून ठेवला की मी आले म्हणून, हे कसं ओळखायचं?

"गाडी पहिल्यांदा सुरू केली त्या दिवशी तू घरी होतास."

"तापाने फणफणलो होतो."

"गॅरेजात गेला होतास?"

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "तुला म्हणायचंय काय?"

"काही नाही. सहज विचारतेय."

"तू सहज कधी काही विचारलंयस? मी पांघरुणातून उठून गेलो आणि अप्पांचा कॅम खराब करून आलो, असंच ना? का, तर गाडी डेंटिस्टला द्यायची. आणि डेंटिस्टला काय, बिघडलेली गाडी जास्त आवडते?"

मोठ्याने बोलल्यावर ते तितकंसं पटण्यासारखं राहिलं नाही.

"बरं, आवाज तरी ऐकलास?"

"ऐकला? डोकं फुटायची वेळ आली होती. मोठ्ठा, मग एकदम बारीक, मग परत मोठ्ठा. सारखं आपलं वर-खाली, वर-खाली."

"बारीक झाला होता? नक्की?"

"नक्की. बारीक झाला की बरं वाटायचं, म्हणून तर लक्षात आहे. का गं?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर माझं तोंड मिटलेलं असलं तरी चेहरा त्याला वाचता येतो. मी सांगून टाकलं. तो पलंगाच्या कडेवर बसला.

"म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर त्यांचा पाय टिकला नाही. किंवा मध्येच विसरले."

त्याला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तसं काही दिसेना. "मला वाटलं होतं तू पार्टच खराब काढशील," तो म्हणाला. मग उशी सरळ करत, "रविवारी कळवतो डॉक्टरांना."

शुक्रवारी मी रजा टाकली आणि सकाळीच गॅरेजात गेले. नवा कॅम, नवे टॅपेट येऊन पडले होते. गाडी कुणाकडेही जावो, पोट उघडं ठेवून जायला नको, यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं. अप्पा कामाच्या टेबलावरच्या शिकंज्यापाशी उभे होते.

मी त्यांच्या बऱ्या कानाशी जाऊन विचारलं, "अप्पा, पहिल्या वीस मिनिटांत आवाज खाली आला होता?"

"आला होता."

"पाय दुखला?"

"छे."

"विसरलात?"

ते चिडले. "टूलरूममध्ये पोरांना मी शिकवायचो हे. विसरीन कसा?"

"मग का?"

"आला खाली. झालं. तू ती कॅमची चेन नीट पूस."

"कितीदा आला?"

"चारदा."

एवढं बोलून त्यांनी ड्रिलला तारेचा ब्रश लावला आणि झाकणावर चिकटलेला गॅस्केटचा जुना कागद खरवडायला लागले. त्या आवाजात पुढचं बोलणं शक्य नव्हतं. हेही त्यांनी मुद्दामच केलं असणार. पण मी चेन पुसत विचार करत राहिले. विसराळू माणूस 'दोन-चारदा' म्हणतो. यांनी मोजले होते. मोजलेत आणि सांगत नाहीत, म्हणजे कुणाला तरी पाठीशी घालतायत. नवऱ्याला? पण तो तर उठलाच नाही म्हणतो. मग मला? मी तर नव्हतेच!

तेवढ्यात ड्रिल थांबलं.

दारात सासूबाई उभ्या होत्या. उजवा हात खांद्याइतका वर, वर्गात शंका विचारायला करतात तसा.

"अहो, माझा चष्मा कुठे बघितलात?"

"टीव्हीवर."

सासूबाई गेल्या. ड्रिल सुरू झालं. पाच मिनिटांनी बंद पडलं. मी वर बघितलं तर हात पुन्हा वर.

"टीव्हीवर नव्हता. फ्रिजवर होता."

"बरं."

सासूबाई गेल्या. ड्रिल सुरू. मी हातातली चेन खाली ठेवली. तिसऱ्या वेळी त्या आल्या तेव्हा अप्पांची दाराकडे पाठ होती. तरी ड्रिल थांबलं. आवाज नाही, सावली नाही, काही नाही. बावन्न वर्षांच्या सरावाने पाठीला कळलं असावं. वरच्या मजल्यावर पंखा चालू राहिलाय का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

"आई, आठ महिन्यांपूर्वी अप्पांनी गाडी सुरू केली होती बघा, बराच वेळ. तुम्ही गॅरेजात गेला होता?"

सासूबाईंनी नळ बंद केला. "का? काय हरवलंय?"

"काही नाही. सहज."

"गेले होते. का जाऊ नये? केवढा तो गोंगाट. याला ताप चढलेला, म्हणून विचारायला गेले की डॉक्टरांचा नंबर कुठे लिहिलाय. मग नंबर लागेना म्हणून गेले. मग डॉक्टर म्हणाले गोळी जेवणाआधी की नंतर, ते मी विसरले, तर यांना ठाऊक असेल म्हणून."

"तीनदा."

"आणि एकदा चहा घेणार का विचारायला. तुला काय करायचंय?"

"तुम्ही गेलात की अप्पा इंजिन हळू करायचे?"

"मग? नाही केलं तर त्यांना ऐकू कसं येणार? मी काय भिंतीशी बोलू?"

मला हसू आलं आणि ते बाहेर यायच्या आत मी गॅरेजात पोचले. अप्पा वाटच बघत असावेत. माझा चेहरा बघून त्यांनी ड्रिल बाजूला ठेवलं.

"तुम्हाला माहीत होतं, आवाज उतरवला की कॅम जाईल."

"माहीत होतं ना."

"चारही वेळा?"

"चारही वेळा." त्यांनी ब्रशमधले गॅस्केटचे कण झटकले. "पण ती दारात उभी होती."

"हात करून थांबवायचं. पाच मिनिटं म्हणून."

"पोराच्या तापाचं विचारत होती गं. तिला काय सांगू, कॅम बसतोय, थांब?" मग घाईघाईने म्हणाले, "तिला सांगू नकोस हं. तुमची गाडी माझ्यामुळे गेली, म्हणून घोकत बसेल. त्यालाही सांगू नकोस. तो तिला बोलेल."

"अप्पा, तो गाडी देऊन टाकतोय. गॅरेजला कुलूप लावतोय. तुम्हाला काही कळत नाही असं समजून!"

"ऐकलंय मी."

"कधी?"

"कान अर्धे गेलेत. अर्धे आहेत."

आता झाली पंचाईत. अप्पांना वाचवणारी गोष्ट माझ्या हातात होती, आणि अप्पांनीच ती दाबून धरायला सांगितली होती. शनिवारभर आम्ही कॅम बसवला. झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवावं तसा मी तो इंजिनात सरकवला, आठही तळांना पेस्ट लावली. अप्पांनी एकेक बोल्ट तपासला. दोघंही एकमेकांशी फक्त नटबोल्टांबद्दल बोललो.

पण माझा अंदाज एका माणसाबाबत चुकला होता. शनिवारी सगळे जेवायला बसले आणि सासूबाईंनी वाढता वाढता मुलाला सांगितलं, "गाडी मी बिघडवली."

अप्पांनी माझ्याकडे रागाने बघितलं. मी मान हलवून शपथ घेतली.

"तिच्याकडे काय बघताय? मला कळत नाही की काय? आठ महिन्यांनी ही येऊन विचारते, तुम्ही गॅरेजात कितीदा गेलात म्हणून. लगेच धावत तुमच्याकडे जाते. मग दिवसभर दोघं माझ्याशी गोड बोलता. मी त्या पार्टवाल्याला फोन लावला. त्याने सगळं समजावलं. सभ्य माणूस आहे."

नवऱ्याने घास खाली ठेवला. "अप्पा, तुम्हाला नियम माहीत असून तुम्ही आवाज उतरवलात?"

"मग काय मला दारात ताटकळत ठेवायचं होतं?" सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या तापाचं विचारायला गेले होते मी."

"मी अप्पांना विचारतोय."

"उतरवला," अप्पा म्हणाले. "विसरलो नव्हतो. एवढंच तुला सांगायचं होतं, पण ते सांगितलं असतं तर बाकीचं सांगावं लागलं असतं."

नवरा आळीपाळीने आम्हा तिघांकडे बघत राहिला. तिघंही आधी ठरवून बोलतायत, हा संशय त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. आणि त्याला नावं ठेवायला मला तोंड नव्हतं. आठवडाभर मी तेच करत होते.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "उद्या माझ्यासमोर. वीस मिनिटं. काटा दोन हजारांच्या खाली आला, तर मी डेंटिस्टला फोन करणार."

"मी कुठे थांबू?" सासूबाईंनी विचारलं.

घरात ठेवलं तर त्या येणार. बाहेर पाठवलं तर काहीतरी विसरून परत येणार. शेवटी अप्पाच म्हणाले, "माझ्या शेजारी बस."

रविवारी सकाळी गॅरेजचं दार सताड उघडलं. अप्पा स्टिअरिंगमागे. शेजारच्या सीटवर सासूबाई, डोक्याला स्कार्फ, मांडीवर पर्स, जणू कुणाच्या लग्नाला निघाल्यात. मी उघड्या बॉनेटपाशी, तेल गळतंय का बघायला. नवरा मोबाइलवर वेळ लावून अप्पांच्या खांद्यामागे, काट्यावर नजर.

दुसऱ्या फेरीला इंजिन लागलं. अप्पांनी काटा सरळ दोन हजार तीनशेवर नेऊन ठेवला. भिंतीवरचे पान्हे थरथरायला लागले. पाच मिनिटं झाली. शेजारी कुंपणावरून हात हलवत काही ओरडत होते, नवऱ्याने जाऊन त्यांची समजूत घातली आणि पळत परत आला. परत आल्यावर आधी काटा बघितला, मग मला. मी मान डोलावली. त्याने विश्वास ठेवला की नाही, माहीत नाही.

अकराव्या मिनिटाला सासूबाईंचा हात वर गेला.

त्यांनाही ते कळलं नसावं. हात आपला आपणच गेला. अप्पांची मान तिकडे वळली आणि काटा हलला. दोन हजार दोनशे. दोन हजार शंभर. माझा हात कार्ब्युरेटरच्या दांडीपासून वीतभर होता. बोटाने जरा ओढली असती तर काटा वर राहिला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता. नवरा माझ्याकडे बघत नव्हता. पण मग मला कायम ठाऊक असतं, की टिकला तो अप्पांचा पाय नव्हता, माझं बोट होतं. मी हात पाठीमागे नेला.

अप्पांनी डाव्या हाताने सासूबाईंचा वर केलेला हात धरला, खाली पर्सवर ठेवला आणि वर स्वतःचा हात ठेवून दिला. काटा पुन्हा तेवीसशेवर गेला. उरलेली नऊ मिनिटं तो हात तिथून उठला नाही.

विसावं मिनिट भरल्यावर नवऱ्याने मोबाइल वर धरला. अप्पांनी इंजिन बंद केलं. कान सुन्न झाले होते, सगळीकडे पाण्याखाली असल्यासारखं शांत.

अप्पा सासूबाईंकडे वळले. "हं, बोल."

"आता काय बोलू? विसरले."

इंजिन गार झाल्यावर मी डायल गेज लावून मोजायला घेतलं, कुठला व्हॉल्व किती उघडतो ते. नवऱ्याने मला बाजूला केलं. "सरक. तू आकडे गोड करशील." मग अप्पा पान्ह्याने इंजिन हळूहळू फिरवत होते आणि तो एकेक आकडा वाचत होता.

"काय?" अप्पा विचारत.

तो पुन्हा, मोठ्याने सांगे. आठही आकडे सारखे निघाले. तिसरा आणि सहावा त्याने तीनतीनदा बघितले.

"गाडीखाली एकट्याने शिरायचं नाही," तो म्हणाला.

"मी कुठे शिरतो? ही शिरते."

"आणि दर रविवारी मी हे मोजणार."

"मोज की. डोळ्यांवरचे केस काप आधी, तिसरा आकडा चुकीचा वाचलास."

गॅस कुणी उघडा ठेवला होता, ते मात्र मी शोधायला गेले नाही. महिन्याला एक शोध पुरे.

दुपारी नवरा मोबाइल घेऊन पॅसेजमध्ये गेला आणि दार लोटून घेतलं. दार लोटल्यावर मला स्वस्थ बसवेना. मी जाऊन फटीशी कान लावला.

"नाही डॉक्टर, गाडी उत्तम आहे. म्हणजे, म्हणूनच... नाही नाही, दुसरं कुणी गिऱ्हाईक नाही हो. घरातच वापरात आहे... मी? छे. आई बसते त्यात."

थोडा वेळ तिकडून डॉक्टरच बोलत असावेत. मग नवऱ्याने फोनवर हात ठेवलेला आवाज आला.

"दारामागून बाहेर ये," तो म्हणाला. "आणि अप्पांनाही घेऊन ये, त्यांचे पाय दिसतायत."